तबकडीवांचून चालणारे संगणक

संगणकाच्या पोटांत डिस्क असलीच पाहिजे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. डिस्क म्हणजे आज्ञा व माहिती कायमची सांठवून ठेवणारें साधन. पूर्वीं तें ग्रामोफोनच्या तबकडीसारखें फिरणारें व चुंबकीय लेप दिलेलें असे. अलीकडे तें बहुधा न फिरणाऱ्या चिपांचें असतें, परंतु काम तेंच. ज्या संगणकाजवळ हा सांठा नाहीं तो जागाच होणार नाहीं, असें पाहणारास वाटतें. तथापि गेलीं चाळीस वर्षें जगांत असे असंख्य संगणक चालत आले आहेत, कीं ज्यांच्या पोटांत एकहि डिस्क नाहीं. कळ दाबतांच हे संगणक तारेवरून दुसऱ्या एका यंत्रास हांक मारतात, आपल्या सर्व आज्ञा त्याच्याकडून मागून घेतात, आणि मग इतर कोणत्याहि संगणकाप्रमाणें कामास लागतात. ही युक्ति कोठें निघाली, मध्यंतरीं ती कां मागें पडली, पुन्हां कां पुढें आली, आणि खेड्यापाड्यांतील शाळांना तिचा काय उपयोग, हें समजून घेण्यासारखें आहे.

अहमदनगर शहराच्या रहिवाशांना या युक्तीचें मर्म समजण्यास दूर जावें लागणार नाहीं. २०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव मिळालेलें हें शहर मलिक अहमद निजामशहा यानें १४९० सालीं वसविलें. निजामशाहीच्या काळांत शहरास पाणी मिळत असे तें कापूरवाडी, शेंडी, वडगांव अशा आसपासच्या गांवांकडून आणलेल्या खापरी नळांनीं. उंचावरील विहिरींचें पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून उताराउतारानें शहरांत येई आणि हौदांत पडे. ज्याच्या दाराशीं हौद होता त्याला स्वतःची विहीर खणण्याचें कारण नव्हतें. परंतु त्याच शहराच्या भुईकोट किल्ल्यांत मात्र गंगा, जमुना, मछलीबाई व शक्करबाई अशा चार विहिरी आहेत. किल्ल्याला वेढा पडावयाचा असतो; १५९५-९६ सालीं मोंगलांचा वेढा पडला आणि चांदबिबीनें किल्ला लढविला, हें सर्वश्रुत आहे. बाहेरून येणारा नळ शत्रूच्या हातीं सांपडूं शकतो, म्हणून किल्लेदारास आपलें पाणी तटाच्या आंत ठेवावें लागतें. शहराची सोय नळानें झाली व किल्ल्याची विहिरीनें. दोन्ही योजना शहाणपणाच्याच होत्या. संगणकाच्या इतिहासांतहि याच दोन योजना आलटून पालटून पुढें येतांना दिसतात.

प्रथम संगणक जागा कसा होतो तें पाहूं. ज्या स्मृतींत तो प्रत्यक्ष काम करतो ती स्मृति वीज बंद होतांच कोरी होते. सकाळीं कळ दाबली कीं यंत्राजवळ शक्ति असते, पण काय करावयाचें याचें ज्ञान नसतें. आज्ञा आणण्यासाठीं सुद्धां एक आज्ञा लागते. मग ती पहिली आज्ञा कोणी द्यावयाची? इंग्रजींत बुटाला पाठीमागें एक पट्टा असतो, आणि तो धरून स्वतःसच उचलून घेणें ही अशक्य गोष्टीची म्हण आहे. या म्हणीवरूनच संगणक जागा करण्याच्या क्रियेस ‘बूट करणें’ हें नांव पडलें. १९५२ सालच्या आयबीएम ७०१ या यंत्रावर ‘लोड’ नांवाची कळ होती. ती दाबली कीं यंत्र पत्त्यावरून किंवा फितीवरून पहिला शब्द वाचून घेई, आणि तो शब्द पुढचे शब्द ओढून आणी. आजच्या संगणकांत हें पहिलें काम न पुसल्या जाणाऱ्या एका लहानशा चिपेंतील आज्ञा करतात. त्या आज्ञा एवढेंच सांगतात कीं, उरलेलें ज्ञान अमक्या ठिकाणाहून आण. तें ठिकाण आपल्याच पोटांतील डिस्क असावें, असा मात्र कांहीं नियम नाहीं.

आरंभींच्या काळांत हा प्रश्न उपस्थितच झाला नाहीं, कारण यंत्रें थोडीं व अवाढव्य होतीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत देशी बनावटीचा टिफरॅक हा संगणक १९६० सालीं सुरू झाला, आणि १९६४ सालीं तेथें सीडीसी ३६०० हें परदेशी यंत्र आलें. अशा यंत्राकडे माणसांनीं चालत जावयाचें, हाच तेव्हांचा रिवाज होता. पुढें एका मोठ्या यंत्रास अनेक टंकपटल व पडदे जोडण्याची पद्धति निघाली. परंतु त्या पडद्यांना स्वतःची बुद्धि नव्हती. १९७० नंतर लहान संगणक प्रत्येक मेजावर येऊं लागले, तेव्हां डिस्कची अडचण भासूं लागली. ती महाग होती, आवाज करी, तापे, आणि धूळ व धक्का यांनीं बिघडे. १९७३ सालीं कॅलिफोर्नियांतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनीं ईथरनेट नांवाचें जाळें आंखलें, आणि एका इमारतींतील यंत्रें एका तारेवर बोलूं लागलीं. तेव्हां असा विचार पुढें आला कीं, बुद्धि प्रत्येकाच्या मेजावर असूं द्यावी, पण कोठार सर्वांचें मिळून एकच असावें.

हा विचार प्रत्यक्षांत आणण्याचें काम मुख्यतः स्टॅनफर्ड विद्यापीठांत व तेथूनच निघालेल्या सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनींत झालें. ही कंपनी १९८२ सालीं ज्यांनीं काढली त्यांपैकीं विनोद खोसला यांचा जन्म १९५५ सालीं पुण्यांत झालेला आहे. यंत्राची मूळ आंखणी अँडी बेख्टोल्शाइम यांची. १९८३ सालीं स्टॅनफर्डच्या डेव्हिड चेरिटन व विली झ्वानेपूल यांनीं मोजमापें घेऊन असें दाखविलें कीं, दुसऱ्या खोलींतील डिस्क तारेवरून वापरली तरी काम फारसें मंदावत नाहीं. पुढें सन कंपनीचा ३/५० हा संगणक डिस्कवांचूनच विकला जाऊं लागला. त्याची स्मृति अवघी चार मेगाबाइट होती. आजच्या एखाद्या छायाचित्रास तेवढी जागा लागते.

डिस्क नसलेल्या यंत्रास जागें होतांना तीन प्रश्न सोडवावे लागतात: मी कोण, माझें कोठार कोठें आहे, आणि तेथील माल मजपर्यंत कसा यावयाचा. पहिल्याचें उत्तर शोधण्यास एक आधार असतो. जाळ्याशीं जोडणाऱ्या प्रत्येक पट्टीवर कारखान्यांतच अठ्ठेचाळीस बिटांचा एक अंक कोरलेला असतो. यंत्र तो अंक सर्वांना ऐकूं जाईल असा पुकारतें आणि विचारतें, ‘या अंकाचा धनी मी, माझा पत्ता कोणास ठाऊक आहे काय?’ ज्या यंत्राजवळ हजेरीपट असेल तें उत्तर देतें. ही प्रश्नोत्तराची पहिली पद्धति १९८४ च्या जूनमध्यें रॉस फिनलेसन प्रभृति चौघांनीं लिहून प्रसिद्ध केली. परंतु तींत पत्त्यापलीकडे कांहीं कळत नसे. १९८५ च्या सप्टेंबरांत बिल क्रॉफ्ट व जॉन गिलमोर यांनीं ‘बूटपी’ ही पद्धति मांडली. तिनें एकाच उत्तरांत पत्ता, कोठाराचें ठिकाण आणि मागावयाच्या आज्ञावलीचें नांव, हीं तिन्ही मिळूं लागलीं.

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर १९८१ सालीं कॅरेन सॉलिन्स यांनीं लिहिलेल्या ‘टीएफटीपी’ या साध्या नियमावलींत होतें. तिची रीत शाळेंतील शुद्धलेखनासारखी आहे. गुरुजी एक ओळ सांगतात, मुलगा ती लिहून घेतो व ‘झालें’ म्हणतो. मगच पुढची ओळ. येथें ओळ म्हणजे ५१२ अक्षरखुणांचा एक गठ्ठा. ‘झालें’ असें ऐकूं आलें नाहीं तर तोच गठ्ठा पुन्हां पाठवावयाचा, आणि ५१२ हून लहान गठ्ठा आला कीं मजकूर संपला असें समजावयाचें. ही रीत मंद खरी, पण इतकी सोपी कीं, तिच्या आज्ञा लहानशा चिपेंत सहज मावतात. पुढें १९८५ सालीं सन कंपनीनें एनएफएस ही पद्धति काढली. तिच्यामुळें दूरच्या कोठारांतील कपाटें आपल्याच यंत्रांत असावींत तशीं उघडूं लागलीं.

इतकें जमल्यावरहि ही युक्ति दहा वर्षांत मागें पडली. त्या काळच्या ईथरनेटचा वेग सेकंदास एक कोटी बिट एवढाच होता आणि तो सर्वांमध्यें वांटला जाई. यंत्राची स्मृति अपुरी पडली कीं तें आपलें अर्धवट काम तारेवरून कोठारांत ठेवी व पुन्हां मागे; अशीं पांचपंचवीस यंत्रें एकदम करूं लागलीं कीं सर्वांचेंच काम खोळंबे. कोठाराचें यंत्र बंद पडलें तर सारी कचेरी हात बांधून बसे. इतक्यांत १९९० नंतर डिस्कच्या किमती झपाट्यानें उतरल्या. स्वतःची विहीर स्वस्तांत खणतां येऊं लागली, तेव्हां नळाची वाट पाहण्यास लोक राजी होईनात.

हिंदुस्थानांत मात्र स्वस्ताईचा वारा उशिरां पोंचला. महाराष्ट्र सरकारनें १९८३ सालीं विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी दिली, आणि त्यानंतर अहमदनगर जिल्ह्यांतच लोणी, संगमनेर व कोपरगांव येथें अशीं महाविद्यालयें उभीं राहिलीं. शिकणारे पुष्कळ, यंत्रें महाग, अशी स्थिति त्या काळीं देशभर होती. अशा वेळीं संगणक शिकविणाऱ्या अनेक संस्थांनीं नॉव्हेल कंपनीची नेटवेअर ही व्यवस्था पत्करली. एका सर्व्हरला डिस्क, आणि भोंवतालच्या यंत्रांत केवळ जाळ्याची पट्टी व तिच्यावर बसविलेली बूट-चिप. यांत पैसा वांचे, आणि आणखीहि एक लाभ होई. १९८६ सालीं लाहोरच्या दोघां भावांनीं लिहिलेला ‘ब्रेन’ नांवाचा संगणक-विषाणु पसरला; तो फ्लॉपी तबकडीच्या नेमक्या त्याच भागांत दडून बसे, जेथून यंत्र जागें होतें. ज्या यंत्रास तबकडी घालण्याची फटच नाहीं, त्यास या रोगाची लागण होणार कशी?

याच सुमारास महाराष्ट्रांत याहून मोठी एक गोष्ट घडली. १९८० नंतरच्या दशकांत हिंदुस्थान सरकारनें अमेरिकेकडे क्रे जातीचा महासंगणक मागितला. हवें होतें तें यंत्र मिळालें नाहीं. कमी शक्तीचें यंत्र हवामानाच्या कामापुरतें आणि तेंहि अटींवर मिळालें. त्या अनुभवांतून १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि अकोला जिल्ह्यांतील मुरंबा या गांवीं जन्मलेले विजय भटकर हे तिचे प्रमुख झाले. १९९१ सालीं संस्थेनें परम ८००० हा महासंगणक जगापुढें ठेवला. तो एक अवाढव्य मेंदू नव्हता. ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्यूटर नांवाच्या चौसष्ट लहान मेंदूंचा तो मेळ होता. या ट्रान्सप्यूटरला शेजाऱ्यांशीं बोलण्यास चार वाटा असतात, आणि जागें होण्याच्या दोन रीती. एक जवळच्या कायम चिपेंतून, व दुसरी यांपैकीं कोणत्याहि वाटेनें शेजाऱ्याकडून. दुसऱ्या रीतींत तो कळ दाबल्यावर स्तब्ध बसून ऐकत राहतो. वाटेनें येणारी पहिली अक्षरखूण दोन किंवा त्याहून मोठा अंक असली, तर तितक्या लांबीच्या आज्ञा मागून येत आहेत असें तो समजतो. त्या आपल्या स्मृतींत उतरवून घेतो आणि लगेच त्यांप्रमाणें वागूं लागतो. मग तोच आपल्या पुढच्या शेजाऱ्यास जागें करूं शकतो. एका पणतीनें दुसरी लावावी तसें एका टोंकाशीं दिलेलें ज्ञान साऱ्या मेळाव्यांत पसरतें, आणि प्रत्येक मेंदूस वेगळ्या कोठाराची गरज उरत नाहीं. परावलंबनाचा चटका बसलेल्या देशानें परस्परांवर अवलंबून चालणाऱ्या यंत्रांचाच आश्रय केला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. येथें अवलंबन होतें तें शेजाऱ्याचें, आणि सारा मेळावा एकाच छताखालीं होता.

यानंतर युक्तीचें दिवस पुन्हां पालटले. १९९३ सालीं बूटपीच्या पायावर डीएचसीपी ही पत्ते वांटणारी व्यवस्था झाली. १९९९ च्या सप्टेंबरांत इंटेल कंपनीनें पीएक्सई या नियमावलीची २.१ ही आवृत्ति प्रसिद्ध केली, आणि पुढें जाळ्यावरून जागें होण्याची सोय बहुतेक साध्या संगणकांत कारखान्यांतूनच येऊं लागली. त्याच वर्षीं अमेरिकेंत जिम मॅक्क्विलन यांनीं एलटीएसपी ही लिनक्सवर चालणारी विनामूल्य व्यवस्था आरंभिली, आणि ती पुष्कळ देशांतील शाळांत पोंचली. तारेचा वेग वाढला, स्मृति स्वस्त झाली, व जुने दोष सौम्य झाले.

एखाद्या खेड्यांतील शाळेनें ही व्यवस्था मांडावयाची म्हटली, तर करावें लागतें तें इतकेंच. एक चांगला संगणक सर्व्हर म्हणून निवडावयाचा; त्यास भरपूर स्मृति, दोन डिस्क, आणि वीज गेल्यास आधार देणारी बॅटरी हवी. उरलेल्या यंत्रांच्या डिस्क बिघडल्या असल्या तरी चालतात. त्या काढून टाकून, प्रथम जाळ्याकडे पहा, अशी सूचना त्यांच्या बूटच्या यादींत करावयाची. सर्व यंत्रें एका स्विचला तारांनीं जोडावयाचीं. सर्व्हरवर पत्ते वांटणारी, आरंभींच्या आज्ञा पाठविणारी आणि कपाटें उघडून देणारी, अशा तीन सेवा चालू ठेवावयाच्या. यंत्रें फारच जुनीं असलीं तर सारें काम सर्व्हरवर करवून केवळ चित्र पडद्यावर आणतां येतें. तीं बरीं असलीं तर आज्ञा आणून तेथेंच काम करतात.

तारेची निवड मात्र हिशेबानें करावी. १०० मेगाबिटांच्या तारेंतून सेकंदास साडेबारा मेगाबाइटांहून अधिक जात नाहीं. तास सुरू होतांच वीस यंत्रांनीं प्रत्येकीं पन्नास मेगाबाइट मागितले, तर सर्व्हरला हजार मेगाबाइट पुरवावे लागतात, आणि त्यास निदान ऐंशी सेकंद लागतात. सर्व्हरपासून स्विचपर्यंतची एकच तार दसपट वेगाची घातली, तर हाच वेळ आठ सेकंदांवर येतो.

या मांडणीचे लाभ उघड आहेत. नवी आज्ञावली एकदां बसविली कीं ती वीसहि पडद्यांवर दिसते. देवनागरी टंकलेखनाची सोय एके ठिकाणीं केली कीं प्रत्येक मुलास ती मिळते. मुलानें काल केलेलें काम सर्व्हरवर असल्यामुळें तो आज कोणत्याहि यंत्रावर बसूं शकतो. धुळीनें बिघडणारी, फिरणारी वस्तु यंत्रांत नाहीं. वीज अकस्मात् गेली तरी मुलांपुढील यंत्रांत खराब होण्यासारखें कांहीं नसतें. पुन्हां कळ दाबली कीं तीं पहिल्याइतकींच स्वच्छ जागीं होतात.

दोषहि तितकेच उघड आहेत, आणि ते झांकून ठेवूं नयेत. डिस्क नसलेलें यंत्र जागें होतांना भोळें असतें. तें सर्वांना हांक मारतें, आणि जो आधीं उत्तर देईल त्याचें ऐकतें. टीएफटीपींत परवलीचा शब्द नाहीं. त्याच तारेवर कोणी खोडसाळपणें दुसरा सर्व्हर लावला, तर साऱ्या यंत्रांच्या डोक्यांत तो आपल्या आज्ञा भरूं शकतो. म्हणून हें जाळें खोलीपुरतें ठेवावें व बाहेरच्या तारेपासून अलग करावें. दुसरा दोष यंत्राचा नसून माणसांचा आहे. सर्व्हरची व्यवस्था एकाच शिक्षकास ठाऊक असते. त्याची बदली झाली कीं वीस यंत्रें वर्षभर झांकून राहतात. खापरी नळाचेंहि असेंच असे. वाटेंत गाळ सांचला आणि नळ कोठून गेला आहे हें सांगणारा कोणी उरला नाहीं, तर उगमाशीं पाणी असूनहि हौद कोरडा पडतो. यावर उपाय एकच. सारी मांडणी मराठींत कागदावर लिहून ठेवावी, दोघांना तरी शिकवावी, आणि दुसरी डिस्क सर्व्हरमध्यें न ठेवतां कांहीं दिवस कपाटांतहि ठेवावी. किल्ल्यांतील विहिरी चार होत्या, हें उगीच नव्हे.

आज हीच युक्ति निराळ्या वेषांत साऱ्या जगांत वावरत आहे. मोठमोठ्या संगणकगृहांतील सर्व्हर कामाला जुंपतांना बहुधा जाळ्यावरूनच जागे केले जातात. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकास २०१६ सालापासून ही विद्या येते. दुसऱ्या बाजूस, २०११ सालापासून क्रोमबुकसारखीं यंत्रें निघालीं. त्यांच्या पोटांत लहानसा सांठा असतो. परंतु मुलांचें लिखाण व चित्रें यांचें खरें कोठार शेंकडों कोसांवरील, अनेकदां परदेशांतील, इमारतींत असतें. स्टॅनफर्डच्या मंडळींनीं डिस्क मेजावरून शेजारच्या खोलींत नेली होती. आतां ती समुद्रापलीकडे गेली आहे. सोय वाढली, यांत शंका नाहीं. पण शेजारच्या खोलीचें दार शाळेच्या शिपायास उघडतां येत असे. समुद्रापलीकडच्या दाराची किल्ली ना गुरुजींजवळ असते ना संस्थेजवळ. तेथील मालकानें अट बदलली, वर्गणी वाढविली किंवा दार लावून घेतलें, तर काय करावयाचें, याचा विचार यंत्रें विकत घेण्यापूर्वींच झाला पाहिजे.

यंत्राच्या पोटांत तबकडी आहे कीं नाहीं, हा प्रश्न त्यामानानें गौण आहे. आज्ञांचा उगम कोणाच्या आवारांत आहे, तेथवरची वाट कोण साफ ठेवतो, आणि ती बंद पडल्यास दुसरी वाट आहे काय, हें आधीं पाहिलें पाहिजे. जिल्ह्यांतील एखाद्या शाळेच्या कोपऱ्यांत डिस्क बिघडलेले दहावीस संगणक पडून असतील, तर ते भंगारांत घालण्यापूर्वीं तेथील चालकांनीं एवढें अवश्य करावें: एक बरा संगणक, एक स्विच व थोड्या तारा घेऊन ते पुन्हां जागे होतात कीं काय तें पहावें. पुष्कळदां ते होतात.